कासवीची नजर

नांदेडहून येताना लेकानं डबीत एक कासव आणलं. रुपयाहून थोडं मोठं. ‘एवढंच राहतं,’ असं विकणाऱ्यानं छातीठोक सांगितलेलं. डोळ्यामागं लाल पट्टा, जात रेड इअर्ड स्लायडर, मूळ गाव मिसिसिपीचं खोरं. मुदखेडला आदिलाबादची गाडी वळते हे ठाऊक होतं, मिसिसिपीचीही इथंच उतरते हे नव्हतं.

मायनं नाव ठेवलं विठू. सहा वर्षांत विठू ताटलीएवढा झाला. नराच्या पुढच्या पायांची नखं लांब असतात, हे मला फार उशिरा कळलं. विठूची आखूड निघाली. माय म्हणाली, “मग रखुमाई म्हन की, त्यात काय!”

उन्हाळ्यात आम्ही आंघोळीचं पाणी तांब्यानं मोजतो आणि रखुमाईची टाकी दर तिसऱ्या दिवशी बदलतो. ते हिरवट पाणी जातं गुलाबाला. मुदखेड फुलशेतीचं गाव, इथं गुलाबाची पारख पोरासोरांनाही असते. परवा एक शेतकरी कुंपणाशी थांबून खताचं नाव विचारून गेला. मी सांगितलं नाही.

ऊन मिळालं नाही तर कासवाचं कवच मऊ पडतं. ती काळजी मराठवाड्यात नाही. मे महिन्यात सावलीच शोधावी लागते.

संतांची कासवी पिलांना नुसत्या नजरेनं वाढवते. खरी कासवी अंडी मातीत पुरून जी जाते, ती वळूनही बघत नाही. आमची मात्र काचेला नाक लावून माझ्याकडं तासन् तास बघते. सहा वर्षांत माझं वजन सात किलोनं वाढलं, ते मी तिच्याच नजरेच्या खाती टाकलंय.

ही जात सहज तीस वर्षं जगते. मी बासष्टचा, लेक पुण्याला नोकरीत. ‘गोदावरीत सोडून द्या,’ म्हणणारे भेटतात. पण जगातल्या १०० उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत हिचं नाव आहे; तिथल्या कासवांच्या तोंडचा घास ही काढून घेईल. आणि त्या आपल्या कासवांना १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घरात आणायचीही सोय नाही. पोटातल्या साल्मोनेला जंतूंपायी अमेरिकेनं १९७५ साली चार इंचांखालची कासवं विकणं बंद केलं. मी अजून हात धुतोच आहे.

मुदखेडात कुणाकडं अंगण, टाकी आणि तीस वर्षं शिल्लक असतील तर कळवा. टाकीचं पाणी मात्र माझ्या गुलाबाचं.