अंतर्धानाचा रोजनामा

सरकारी दफ्तरात उभी हयात घालविलेल्या मनुष्यास एखादी आपत्ती कोसळल्याचे जितके दुःख होते, त्याहून अधिक दुःख ती कोणत्याही नोंदवहीत न चढता कोसळल्याचे होते. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यानंतर बदलापूरच्या सोनिवलीस घर करून राहिलो. पुढे तेथील माझ्या संगणकाचा डेस्कटॉप जेव्हा पूर्वसूचना न देता, रजेचा अर्ज न ठेवता आणि कोणाही वरिष्ठाची परवानगी न घेता वारंवार गैरहजर राहू लागला, तेव्हा माझ्या मनास प्रथम जो क्लेश झाला तो कामाच्या खोळंब्याचा नसून शिस्तभंगाचा होता.

ही गैरहजेरी मोठी विलक्षण असे. पेन्शनर मंडळींच्या सभेचे इतिवृत्त लिहीत मी बसलेला असताना पडद्यावरील चित्रांची ती रांग, खालची निळी पट्टी, पट्टीच्या एका टोकाचे 'स्टार्ट' आणि दुसऱ्या टोकाचे घड्याळ ही सर्व मंडळी एकाच क्षणी नाहीशी होत आणि पाठीमागे उरे ती निळ्या आकाशाखालची एक हिरवीगार टेकडी. ही टेकडी कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यातली असून चार्ल्स ओ'रिअर नावाच्या छायाचित्रकाराने 1996 साली ती टिपली, असे समजते. श्रावणात बदलापूरच्या आसपासची कोणतीही टेकडी सौंदर्यात तिला हार जाणार नाही. अंतर इतकेच की, आमच्या टेकडीच्या पायथ्याशी 'बुकिंग चालू' असा फलक असतो. काही क्षण त्या परमुलखातील निसर्गशोभेचे दर्शन घडवून झाले की 'विंडोज एक्सप्लोरर' यास अडचण उद्भवली असून ते बंद करणे भाग आहे, गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, अशा आशयाचा एक लखोटा पडद्यावर येई, आणि त्याखाली अहवाल पाठवावा की पाठवू नये याची विचारणा असे. जनतेच्या गैरसोयीबद्दल लेखी दिलगिरी व्यक्त करणारी कचेरी मी माझ्या संपूर्ण सेवाकाळात पाहिली नव्हती, त्यामुळे पहिल्या काही प्रसंगी मला राग येण्याऐवजी गहिवरूनच आले. परंतु तीच दिलगिरी, त्याच शब्दांत, जेवणाआधी आणि जेवणानंतर येऊ लागली, तेव्हा ती सुद्धा छापील नमुन्यातली आहे हे माझ्या ध्यानात आले.

हा संगणक 2004 साली उल्हासनगरातून, सुटे भाग जुळवून, आणलेला. महायुद्धकालीन लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसविलेल्या त्या शहरास 1949 मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले खरे, तरी पत्ता सांगताना तेथील मनुष्य आजही कॅम्प नंबरच सांगतो; आणि कोणत्याही यंत्राचा कोणताही भाग दुसऱ्या कोणत्याही यंत्रास बसवून दाखविण्याचे तेथील कारागिरांचे कसब असे की, विश्वकर्म्यानेही तेथे येऊन उमेदवारी करावी. 26 जुलै 2005 रोजी उल्हास नदी बदलापुरात शिरली, तेव्हा घरातील मौल्यवान वस्तू माळ्यावर चढविताना सौभाग्यवतीने आधी धान्याचे डबे आणि मी आधी हा संगणक वर नेला, या गोष्टीचा उल्लेख आमच्या घरी अद्यापि होत असतो.

नवा संगणक घ्यावा, हा सल्ला मला अनेकांनी दिला. त्यांतील एकानेही माझे दफ्तर पाहिलेले नाही. माझे सर्व लेखन श्रीलिपीच्या जुन्या वळणाच्या अक्षरांत आहे, आणि ते नव्या यंत्रावर उघडले म्हणजे 'सभेचे अध्यक्षस्थान' या शब्दांच्या जागी इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हे यांचा असा काही मेळा भरतो की अध्यक्षांनी मानहानीची फिर्याद लावावी. अंबरनाथच्या शिवमंदिरावर शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा शिलालेख आहे आणि जाणकारांना तो वाचता येतो. मी 2006 साली टंकित केलेले पत्र मात्र माझ्या भाच्याच्या लॅपटॉपला वाचता येत नाही. शिलाहार राजांनी दगडाऐवजी श्रीलिपी वापरली असती, तर कोकणचा निम्मा इतिहास डॉलरच्या चिन्हांत गेला असता.

शिवाय विंडोज एक्सपी ही काही रस्त्यावरची प्रणाली नव्हे. 25 ऑक्टोबर 2001 रोजी ती बाजारात आली आणि 8 एप्रिल 2014 रोजी कंपनीने तिच्या पालनपोषणातून अंग काढून घेतले. म्हणजे तिची नोकरी साडेबारा वर्षांच्या आसपास झाली. निवृत्तीनंतरही तिला स्वस्थता अशी लाभली नाही. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा कंपनीला या पेन्शनर प्रणालीसाठी पुन्हा एक दुरुस्ती काढावी लागली. आणि एटीएम यंत्रांतून तिला व तिच्यासारख्या कालबाह्य प्रणालींना हलविण्यासाठी खुद्द रिझर्व्ह बँकेस जून 2018 मध्ये परिपत्रक काढून जून 2019 अखेरची मुदत घालावी लागली. जिच्या हातून देशाने इतकी वर्षे नोटा मोजून घेतल्या, तिच्या हाती एका पेन्शनराचे इतिवृत्त सोपविण्यात गैर ते काय?

आणि तिच्या वाडवडिलांशी तुलना केली तर ती देवमाणूसच म्हणावी लागेल. विंडोज 98 चे जाहीर प्रात्यक्षिक 20 एप्रिल 1998 रोजी शिकागो येथील प्रदर्शनात चालू असताना, एक स्कॅनर जोडताक्षणी सबंध पडदा निळा पडला आणि शेजारी खुद्द बिल गेट्स उभे होते. त्याच घराण्यातील विंडोज 95 मध्ये अशी एक खोड होती की, संगणक सलग 49.7 दिवस चालू राहिल्यास तो गोठून जावा, कारण मिलिसेकंद मोजण्याचे त्याचे 32 बिटी मापच तेथे भरून जाई. ही खोड कित्येक वर्षे कोणाच्या लक्षात आली नाही, याचे कारण तितके दिवस ती प्रणाली मुळी उभीच राहात नसे. आमच्याकडे तर ती कधीच लक्षात आली नसती; पावसाचा पहिला थेंब पडला की दिवे जावयाचे, हा येथील सृष्टिनियम असल्याने आमचा कोणताही संगणक 49 दिवसांच्या वयास पोहोचणे शास्त्रतः अशक्य होते.

असो. रोगाची वार्ता पसरताच वैद्य जमू लागले. अंबरनाथहून भाचा आला आणि "मामा, व्हायरस आहे" असे खुर्चीत बसण्यापूर्वीच म्हणाला. त्याने विषाणूंची झडती घेतली. रात्री उशिरापर्यंत चाललेल्या त्या झडतीत एकही आरोपी न सापडल्यामुळे व्हायरस फार हुशार आहे, असा निष्कर्ष निघाला. गावातला वायरमन दुसऱ्याच कामासाठी आला होता. त्याने मागची पेटी हाताने चाचपली आणि "दादा, अर्थिंगच नाय तुमचे घरान" असे सांगून अंगणात खड्डा खणून त्यात कोळसा व मीठ घालण्याचा एक यज्ञवजा विधी सुचविला. दुरुस्तीस बोलाविलेल्या तरुणाने तर संगणकाकडे न पाहता माझ्याकडे पाहिले आणि, "काका, फॉर्मॅट मारावा लागेल," असे शांतपणे सांगितले. फॉर्मॅट या शिक्षेची मला पहिल्यापासून धास्ती आहे. उंदीर कोणत्या बासनात आहे हे कळत नाही म्हणून साऱ्या दफ्तरखान्यास काडी लावण्याचाच हा प्रकार असून, आपल्याकडे तो इतक्या सहजतेने सुचविला जातो की, एखाद्या दिवशी सर्दीवरही तोच उपाय निघेल. दुकानदारास फोन केला तेव्हा त्याने लक्षणे पुरती ऐकूनही घेतली नाहीत. "काका, नया ले लो," एवढेच तो म्हणाला. त्याच्या पंथात पुनर्जन्मावाचून मोक्ष नाही.

या सर्वांच्या निदानात एक साम्य मला दिसून आले. प्रत्येकाने जो आरोपी पकडला, तो त्याच्या त्याच्या हद्दीत राहणारा होता. आणि गंमत अशी की, यांपैकी कोणीही समोर बसलेला असताना डेस्कटॉप एकदाही अंतर्धान पावला नाही. साक्षीदारांसमक्ष आरोपीची वर्तणूक अशी आदर्श असे की संशयाचा काटा हळूहळू फिर्यादीकडे वळू लागला.

तरीही कोणावर अन्याय नको म्हणून मी पेटी उघडून रीतसर पंचनामा केला. आत धुळीचा एक मऊ गालिचा, पंख्याच्या पात्यांवर काजळीची झालर आणि वीजपुरवठ्याच्या डब्याआड पालीची दोन अंडी, इतका मुद्देमाल मिळाला. त्या काळातील पुष्कळ मदरबोर्डांवरचे कपॅसिटर अकाली फुगून निकामी होत, हे ठाऊक असल्याने त्या चिमुकल्या नळकांड्यांची डोकी मी एकेक करून टॉर्चच्या उजेडात तपासली. ती सर्व सपाट होती. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवरचा काळपटपणा नातीच्या खोडरबराने घासून उजळविला आणि ती पुन्हा खाचेत दाबली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या कड्या टक्कन बसल्या. त्या आवाजाने मला आठवडाभर पुरेल इतके समाधान दिले. डेस्कटॉप त्याच सायंकाळी पुन्हा निघून गेला.

तेव्हा मी खात्यातील जुना मार्ग पत्करला. एका फुलस्केप वहीत रकाने आखले: अनुक्रमांक, दिनांक, वेळ, हवामान, विजेची स्थिती, तत्समयी चालू असलेले काम आणि शेरा. 'सायं. 7-10. पाऊस. वीज आहे. सभेचे इतिवृत्त, विषय क्रमांक 3 वर चर्चा चालू असता डेस्कटॉपने सभात्याग केला,' अशा नोंदींनी तो रोजनामा भरू लागला. दरम्यान प्रणालीच्या अंतर्भागातही एक दफ्तर असते, असा शोध मला लागला. तेथे डॉ. वॉटसन नावाचा एक टिपणीस नेमलेला असून, कोणताही कार्यक्रम कोसळला की घटनास्थळी धावून जाऊन तो पानेच्या पाने लिहून काढतो. या टिपणीसाचे नाव प्रारंभी शेरलॉक ठेवले होते, ते मागाहून बदलले. ज्या कोणी हे नामांतर केले त्याच्या प्रामाणिकपणास तोड नाही. याउलट 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाच्या आवक-बारनिशीत मात्र प्रत्येक नोंदीपुढे कामाची एक ओळ होती. कोसळणारा इसम एक्सप्लोरर, आणि ज्याच्या हातून कोसळला तो इसम 'एसएचमीडिया.डीएलएल'. तारखा बदलत होत्या, पण जोडी तीच.

या दुसऱ्या इसमाचे काम काय, तर ध्वनिफिती आणि चित्रफिती यांची लांबी, रुंदी, कालावधी आणि मुखदर्शन यांची माहिती काढून मालकाच्या कानी घालणे. परंतु मी इतिवृत्त लिहीत असताना चित्रफितीचा संबंध येतो कोठे, येथे तपास अडला.

तो सोडविला सौभाग्यवतीने, शेंगा सोलता सोलता. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही तो बाण नेऊन त्या रिसेप्शनवर ठेवता आणि मग चष्मा पुसायला घेता. चष्मा पुसून होईतो सगळं गेलेलं असतं."

रोजनाम्यात बाणाचा रकाना नव्हता.

रिसेप्शन म्हणजे माझ्या साडूंच्या कन्येच्या स्वागतसमारंभाची चित्रफीत. तिच्या सीडीवर ओरखडे असल्याने भाच्याने नक्कल करताना ती अर्ध्यावर अडकली, आणि 'आहे तेवढं बघा' अशा उदार बुद्धीने त्याने ते धड डेस्कटॉपवर, माझ्या इतिवृत्ताच्या अगदी शेजारी, ठेवून दिले होते. त्या जातीच्या चित्रफितीची अनुक्रमणिका अखेरीस असते. नक्कल अर्ध्यावर तुटल्याने ती या फितीस नव्हतीच. आता एखाद्या चित्रावर बाण क्षणभर विसावला की एक्सप्लोररला राहवत नाही. मी न विचारताही ही फाइल केवढी, किती मिनिटांची, हे एका पिवळ्या चिठीवर लिहून दाखविण्याची त्याला हौस. त्यासाठी तो एसएचमीडियास आत पिटाळतो, तो आत जाऊन अनुक्रमणिका शोधतो, ती नसल्याने तोल जाऊन पडतो आणि पडताना मालकासही घेऊन पडतो. परक्याच्या लग्नात डोकावल्याने झालेली ही दुर्घटना असून वैद्यमंडळीपैकी कोणीच चष्मा लावीत नसल्यामुळे त्यांच्यासमोर ती घडली नाही.

फाइल नष्ट करावी म्हटले, तर सदरहू फाइल अन्य इसमाच्या अथवा कार्यक्रमाच्या वापरात असल्याने नष्ट करता येत नाही, असा जबाब आला. हा अन्य इसम कोण? तर स्वतः जबाब देणारा एक्सप्लोररच. आपल्याच टेबलावरच्या कागदासाठी 'संबंधित शाखेकडे चौकशी करावी' असा शेरा मारणारे कारकून मी पाहिले आहेत, नव्हे, त्यांच्या हाताखाली घडलो आहे. त्यामुळे पुढील इलाज मला परका वाटला नाही. टास्क मॅनेजर उघडून, प्रक्रियांच्या यादीत एक्सप्लोररचे नाव शोधून, मी त्यास माझ्या सहीने निलंबित केले. टेकडी दिसू लागली. मग नव्या कामाच्या हुकुमात 'सीएमडी' ही तीन अक्षरे लिहून काळी चौकट मागविली आणि तिच्यात, एकेका कळीवर बोट नीट ठेवीत, फाइलीचे पूर्ण नाव घालून ती पुसण्याची आज्ञा दिली. काळी चौकट मोठी अबोल असते. ती दिलगिरी व्यक्त करीत नाही आणि पोचही देत नाही. हुकूम बजावला की पुढच्या ओळीवर जाऊन लुकलुकत उभी राहते. त्यानंतर एक्सप्लोररला सेवेत पुन्हा रुजू करून घेतले. मात्र 'रेगएसव्हीआर 32' या आज्ञेने एसएचमीडियाची नोंदणी रद्द करून, फितीत डोकावण्याचा त्याचा अधिकार कायमचा काढून घेतला. परिणामी आमच्या घरच्या साऱ्या चित्रफितींचे मुखदर्शन बंद झाले असून, कोणते लग्न कोणाचे हे आता उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही, अशी सौभाग्यवतीची तक्रार आहे. ती दाखल करून घेतली आहे.

साडूंनी फोनवर रिसेप्शनची विचारपूस केली, तेव्हा प्रकरण निकाली निघाल्याचे मी त्यांस कळविले. त्यांना वाईट वाटले नाही. फोटोग्राफरकडून अखंड सीडी नुकतीच मिळाली असून ती घेऊन सहकुटुंब रविवारी सोनिवलीस येतो, असे ते म्हणाले; कारण त्यांनी परवाच घेतलेल्या पन्नास हजारांच्या नव्या संगणकास सीडी घालावयास जागाच ठेवलेली नाही.