गॅसराव, यंदा तरी सांगून जा

प्रति,
श्री. रा. रा. आर-४०४ए (थंडाव्याचा गॅस),
मुक्काम : आइस्क्रीमचा डीप फ्रीझर, पोलादपूर नाका.

सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आपण पुन्हा निघून गेलात. तेही ऐन मे महिन्यात, आंबेनळी घाट उतरून पोटात ढवळलेली मंडळी काउंटरवर थंड सोडा मागत असताना. फॅमिली पॅकची बासुंदी झाली तेव्हा आम्हाला कळले. वास नाही, रंग नाही, निरोप नाही. त्यापेक्षा बर्फाच्या कारखान्यातला अमोनिया बरा. विषारी खरा, पण निघाला की अख्ख्या आळीला नाक धरायला लावतो, आणि हवेत जाऊन पृथ्वी तापवत नाही.

आपले घराणे मोठे. आपण किलोभर हवेत गेलात, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने जवळपास चार टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवता. एवढ्या वजनदार पाहुण्याला आम्ही एका पिन व्हॉल्व्हच्या भरवशावर ठेवले, याबद्दल दिलगिरी.

आपले थोरले बंधू आर-२२ ओझोन कुरतडतात म्हणून २०२५ पासून त्यांना नव्या यंत्रांची दारे बंद झाली. २०३० पर्यंत त्यांनी गाशा गुंडाळायचा आहे. आपण ओझोनच्या वाटेला जात नाही, म्हणून आपले स्वागत झाले. मग २०१६ साली किगालीतल्या आंतरराष्ट्रीय करारात आपलीही कुंडली मांडली गेली, आणि २०२१ मध्ये भारताने त्याला मंजुरी दिली. २०२८ मध्ये आपल्या मंडळींची वाढ गोठवायची, २०३२ मध्ये १० टक्के कपात, २०४७ पर्यंत ८५ टक्के. मुदत लांबची आहे म्हणता? मुंबई-गोवा महामार्गावर दुकान असलेल्या माणसाला मुदतीचे शिकवू नये.

खरी गंमत पुढे आहे. सरकार आपल्याला मोजते ते कारखान्यात आणि बंदरात. माझ्या फ्रीझरमधून गेलात, ते कोणाच्या वहीत? मेस्त्री येतो, गेज लावतो, उरलेसुरले आपण असाल ते पिन दाबून फुस्सकन सोडून देतो. "शेठ, आता फ्रेश मारतो." गळती कुठे आहे? "असंल कॉइलला कुठंतरी. पुढच्या सीझनला बघू." नायट्रोजनचा दाब भरून, एकेका जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधायचे, मग व्हॅक्यूम ओढायचा, यात अर्धा दिवस जातो, आणि चाकरमान्यांच्या गर्दीत अर्धा दिवस शेठलाही नको असतो. जुना गॅस सिलिंडरमध्ये ओढून घेणारे रिकव्हरी मशीन तर नाक्यावर कोणी पाहिलेलेच नाही. २०१९ च्या राष्ट्रीय कूलिंग आराखड्यात एक लाख तंत्रज्ञ तयार करायचे ठरले होते. त्यातले कोणी घाट उतरून इकडे आले असतील, तर चहा आमच्याकडून.

जुलै २०२१ मध्ये सावित्री नदी महाडच्या बाजारपेठेत शिरली, तेव्हा चिखलाने भरलेले फ्रीज भंगारात गेले. भंगारवाल्याचे लक्ष तांब्यावर. नळी कापताना आपले किती नातलग मोकळे झाले, त्याचा पंचनामा झाला नाही.

आता आपल्या जागी आर-२९० येणार म्हणतात. म्हणजे प्रोपेन, आमच्या शेगडीच्या सिलिंडरातलाच भाऊबंद. पृथ्वी तापवण्यात आपल्यापुढे अगदीच किरकोळ. मेस्त्री म्हणाला, "जुन्याच फ्रीझरमध्ये टाकून देतो, स्वस्तात पडंल." थर्मोस्टॅटची ठिणगी आत, वड्याची कढई शेजारी! मी हात जोडले. तो यायचा तर त्याच्यासाठी बनवलेल्या यंत्रातच येईल. तोवर आपणच टिकायचे आहे, म्हणून गळती शोधायला यंदा दुकान अर्धा दिवस बंद ठेवतो आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
नाक्यावरचा एक कोल्ड्रिंकवाला

ता. क. : बिलावर दरवर्षी "गॅस भरणे" एवढेच असते. यंदा किती ग्रॅम ते लिहून मागितले. मेस्त्री म्हणाला, "शेठ, काटा कोण घेऊन फिरतं?" काटा माझ्याकडे आहे, पेढ्यांचा. भरण्याआधी आणि भरल्यावर सिलिंडर त्यावर ठेवायला सांगितले आहे.