आरामाची कारखानदारी

माणसाने चार दिवस काहीही न करता काढावेत, यासाठी किती माणसांना किती काम करावे लागते, याचा अभ्यास करावयाचा झाल्यास स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील बेनिदोर्म या शहराइतके सोयीचे क्षेत्र दुसरे सापडणे कठीण आहे. आलिकांते प्रांतातील या शहराची कायम वस्ती सुमारे सत्तर हजारांची, म्हणजे आपल्याकडील एखाद्या बऱ्या तालुक्याच्या गावाएवढी असून इमारतींची उंची मात्र महानगराला लाजवणारी आहे. पूर्वेचा ‘लेवांते’ आणि पश्चिमेचा ‘पोनिएंते’ असे दोन लांबलचक वाळूचे किनारे, त्यांच्यामध्ये समुद्रात घुसलेला एक खडक आणि या सर्वांकडे पाठ फिरवून मोबाइलमध्ये पाहणारा पर्यटक, असे या स्थळाचे स्थूल वर्णन करता येईल.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथील पुरुष ‘आल्माद्राबा’चे जाणकार म्हणून नावाजलेले होते. आल्माद्राबा म्हणजे ट्यूना माशांच्या ठरलेल्या वाटेवर समुद्रात जाळ्यांचा चक्रव्यूह रोवून ठेवण्याची पद्धत, जिच्यात मासा आपल्या मर्जीने आत शिरतो आणि बाहेर पडण्याचा मार्ग मात्र त्याला सापडत नाही. १९५०च्या दशकात ही मासेमारी येथे मावळली आणि त्याच सुमारास गावात पर्यटनाचे वारे वाहू लागले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध कितपत आहे हा वादाचा विषय असला, तरी पिढ्यान्‌पिढ्यांचे कौशल्य वाया गेले नाही एवढे निर्विवादपणे म्हणता येते.

या स्थित्यंतराचे श्रेय नगराध्यक्ष पेद्रो सारागोसा ओर्त्स यांना दिले जाते. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, जेव्हा स्त्रियांच्या पोहण्याच्या पोशाखाची मापे हा राष्ट्रीय नीतिमत्तेचा प्रश्न मानला जात असे, तेव्हा या गृहस्थांनी आपल्या गावात बिकिनीला मुभा दिली, धर्मसत्तेचा रोष ओढवून घेतला आणि अखेर, सर्वत्र सांगितल्या जाणाऱ्या हकिकतीनुसार, व्हेस्पा स्कूटरवर बसून थेट माद्रिद गाठले व फ्रँकोपुढेच आपली बाजू मांडली. या हकिकतीवर कालांतराने थोडाफार मुलामा चढला असण्याची शक्यता गृहीत धरली, तरी निष्कर्ष बदलत नाही. परकीय चलनाची चणचण असलेल्या राज्यकर्त्यांची नीतिमत्ता चलनाच्या प्रमाणात लवचिक होते, या सिद्धान्ताला बेनिदोर्मने दिलेला पुरावा आजवर कोणी खोडून काढलेला नाही.

मात्र बिकिनीपेक्षाही अधिक धाडसी, आणि म्हणूनच कमी चर्चिली गेलेली गोष्ट म्हणजे १९५६चा नगरविकास आराखडा होय. त्या आराखड्याने आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनी बांधकामाला आकाशाकडे जाण्याची वाट मोकळी केली, त्याच्या बदल्यात इमारतीभोवती मोकळी जागा सोडण्याची अट घातली, आणि त्यामुळे थोड्या जमिनीवर पुष्कळ माणसे मावून बहुतेकांना उजेड, वारा व समुद्राचा निदान एक तुकडा मिळू लागला. किनाऱ्यालगत मैलोगणिक पसरलेल्या बंगल्यांपेक्षा हे दाट शहर जमीन कमी खाते, या कारणासाठी काही वास्तुतज्ज्ञ आज त्याचे गोडवे गातात, जे ऐकून त्याला कुरूपतेचा नमुना ठरवणाऱ्या सुसंस्कृत प्रवाशांची मोठी कुचंबणा होते. येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. कोकणचा कॅलिफोर्निया करण्याचे आश्वासन महाराष्ट्रात कित्येक निवडणुकांना पुरून उरले आहे. बेनिदोर्मने कोणाचाही कॅलिफोर्निया होण्याचे आश्वासन न देता एक आराखडा केला आणि, हे वाक्य मराठी वाचकाने बसून वाचावे, तो अमलात आणला.

उंचीच्या या हव्यासाचे दोन मानबिंदू आहेत. पहिला ‘ग्रान होतेल बाली’ हा २००२ साली खुला झालेला १८६ मीटर उंचीचा हॉटेल-मनोरा, ज्याच्या जिन्यांवरून धावत वर जाण्याच्या शर्यती विश्रांतीसाठी प्रसिद्ध असलेल्या याच शहरात भरवल्या गेल्या. दुसरा ‘इन्तेम्पो’ हा ४७ मजली जोडमनोरा, जो आर्थिक मंदीत रखडला आणि २०१३ साली, बांधणाऱ्यांनी त्यात लिफ्ट बसवण्याची जागाच ठेवली नाही, या बातमीमुळे जगभर गाजला. ही बातमी साफ खोटी होती, लिफ्ट पहिल्यापासून होत्या; परंतु स्वतः रांगेत उभे राहून थकलेल्या जगाला, कोणीतरी ४७ मजले बांधून लिफ्ट बसवण्यास विसरला, या कल्पनेतून जी विश्रांती मिळाली ती कोणत्याही किनाऱ्यावर मिळाली नसती.

अल्पमुदतीच्या विश्रांतीचे दिनमान हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. बेनिदोर्म आणि लंडन ही दोन्ही शहरे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर, म्हणजे उत्तर-दक्षिण ध्रुवांना जोडणाऱ्या एकाच कल्पित रेषेवर वसलेली असूनही, १९४० साली फ्रँकोच्या राजवटीने घड्याळ मध्य युरोपाच्या वेळेस जुळवल्यामुळे, आणि ते पुन्हा मागे घेतले न गेल्यामुळे, सरळ दक्षिणेकडे उडालेला इंग्रज प्रवासी येथे उतरताच एक तास गमावून बसतो. सूर्याच्या हिशेबाने पाहू गेल्यास दुपारी तीनचे स्पॅनिश जेवण आणि रात्री दहाचे भोजन वाटते तितके अवेळी नाही, अवेळी आहे ते घड्याळ. इंग्रज प्रवाशास या ज्ञानाची गरज पडत नाही, कारण सकाळी अंडी व बेकनची न्याहारी, दुपारी मायदेशातील बिअर आणि रात्री मायदेशातील फुटबॉल सामना यांची चोख व्यवस्था झालेली असल्याने तो सूर्य वगळता परदेशातले काहीही अंगाला लावून घेत नाही.

वाळूवरील शिस्त तर कारखान्याला शोभणारी आहे. १९८८च्या किनारा कायद्यानुसार स्पेनमधील पुळणी सार्वजनिक मालमत्ता आहेत. परंतु सार्वजनिक मालमत्ता म्हटली की ती पहाटे उठून आपलीशी करण्याची प्रेरणा मनुष्यमात्रात जागी होते आणि त्यामुळे उजाडण्यापूर्वीच पहिल्या रांगेत छत्र्या व खुर्च्या रोवून परत झोपावयास जाणाऱ्यांचा एक वर्ग येथे निर्माण झाला आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून आसन धरणाऱ्या मराठी माणसास या वर्गाची ओळख करून देण्याची गरज नाही. फरक एवढाच की एसटीत रुमालाला निदान धाकाने का होईना मान मिळतो, तर बेनिदोर्मच्या पालिकेने असे आरक्षण निषिद्ध ठरवले आहे. मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत समुद्रात पोहण्यासही बंदी असून रात्री यंत्रे फिरवून वाळू विंचरली जाते, जेणेकरून सकाळी येणाऱ्यास ती निसर्गतःच तशी असल्याचा भास व्हावा.

निसर्गतः नसलेल्या गोष्टींत गोडे पाणी सर्वांत महत्त्वाचे. १९७८च्या दुष्काळात या समुद्रकाठच्या शहराला पिण्याचे पाणी जहाजांनी आणावे लागले होते. त्यानंतरच्या काळात आसपासच्या शेतकऱ्यांशी एक देवघेव रूढ झाली, जिच्यानुसार शेतकरी आपल्या वाट्याचे स्वच्छ पाणी शहराला देतात आणि शहराने वापरून शुद्ध केलेले सांडपाणी बागांसाठी घेतात. पर्यटक जितक्या वेळा अंघोळ करील तितकी फळबाग तरारते, असा याचा अर्थ. चार दिवसांच्या वास्तव्यात त्याने उत्पादक म्हणता येईल असे केलेले हे बहुधा एकमेव कार्य असून, त्याची त्याला कल्पनाही नसते.

उरलेले कार्य इतरांकडे असते. हॉटेलच्या खोल्या आवरणाऱ्या स्त्रियांनी २०१६ साली ‘लास केलीस’ नावाची संघटना रीतसर उभी केली; सफाईचे काम बाहेरच्या ठेकेदारांकडे सोपवल्याने घटलेले वेतन, एका पाळीत उरकावयाच्या खोल्यांची वाढती संख्या आणि गाद्या उचलून कायमच्या दुखावलेल्या पाठी, या त्यांच्या तक्रारी आहेत. कंबरदुखीवर उतारा म्हणून समुद्रकाठी आलेल्या पाहुण्याची कंबर सरळ होत असताना त्याची चादर ताणणारीची वाकते, म्हणजे जगातील एकूण कंबरदुखी कायम राहते, असा एक अक्षय्यतेचा नियम येथे मांडता येईल. २०२४ साली स्पेनमध्ये सुमारे ९ कोटी ३८ लाख परदेशी पर्यटक आले आणि देशाची लोकसंख्या ५ कोटींच्याही आत आहे, हे लक्षात घेतल्यास त्याच वर्षी जुलैमध्ये बार्सिलोनाच्या आंदोलकांनी उपाहारगृहांच्या अंगणात बसलेल्या पाहुण्यांवर पाण्याच्या पिचकाऱ्या का मारल्या, हे समजणे अवघड जात नाही. बेनिदोर्ममध्ये हा असंतोष तुलनेने सौम्य दिसतो, कारण पर्यटक नको असे म्हणावयाचे झाल्यास तेथे म्हणणाऱ्यासह सर्वांचाच पगार जाईल.

मराठी मध्यमवर्गास स्पेनची ओढ लागण्यास २०११ चा ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ हा चित्रपट पुष्कळ अंशी कारणीभूत आहे, ज्यात तीन मित्र समुद्रात बुडी मारून, विमानातून उडी टाकून आणि बैलांपुढे धावून मनःशांती मिळवतात. त्यांनी व्हिसा कसा मिळवला हे चित्रपटात दाखवलेले नाही, आणि ते योग्यच झाले, कारण मध्यंतरापर्यंत तेवढाच भाग झाला असता. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांत अल्प वास्तव्यासाठी चालणारा सामायिक परवाना, मागणाऱ्यास ९० युरो शुल्क, ३०,००० युरोंच्या उपचारखर्चाची हमी देणारा विमा, बँकेतील शिल्लक, नोकरीचा दाखला, परतीचे तिकीट आणि बोटांचे ठसे सादर करावे लागतात. थोडक्यात, आपण तेथे आराम करावयास जात असून आपल्याला तेथे राहण्याची मुळीच इच्छा नाही, हे सिद्ध करावे लागते. सर्वसाधारण नियमानुसार हा अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांहून आधी करता येत नाही आणि पंधरा दिवसांहून उशिरा करून चालत नाही, तेव्हा इच्छुकांनी आपला थकवा या मुदतीत बसवावा.