टार्नेटचे जहागीरदार

दिवसा हा गृहस्थ मेलबर्नच्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळतो आणि मॅनेजरच्या प्रत्येक फर्मानाला 'नो वरीज' म्हणतो. रात्री मुलं झोपली, भांडी डिशवॉशरमध्ये गेली, की तो जहागीरदार होतो.

मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्नेट-पॉइंट कुककडे, असे जहागीरदार गल्लोगल्ली सापडतात. जहागीर मात्र चौदाव्या शतकातल्या जर्मन मुलखात. 'मॅनॉर लॉर्ड्स' हा खेळ एका पोलिश माणसाने बहुतांशी एकट्याने घडवला आणि 26 एप्रिल 2024 ला बाजारात आणला. आदल्या दिवशी अँझॅक डेची सुट्टी होती. आमच्या जहागीरदारांनी पाठ धरल्याचं कारण देऊन शुक्रवारची रजा जोडली. सोमवारी ती खरोखरच धरली होती.

खेळात सुरुवातीला पाच कुटुंबं, एक बैल आणि मुबलक जंगल मिळतं. शहाणा माणूस आधी लाकूडतोडीचं बघतो. जहागीरदार आधी रस्ता आखतात. इथे रस्ता फुकट होतो आणि लगेच होतो. टेंडर नाही, खडी नाही, नगरसेवकाचा नारळ नाही. मोडायलाही दमडी लागत नाही. पुण्यात वाढलेल्या माणसाच्या हाती एवढी सत्ता द्यायला नको होती. पहिला रस्ता जरा वाकडा वाटला म्हणून उखडला. दुसरा फारच सरळ झाला, 'मध्ययुगात असा नसतो' म्हणून उखडला. तिसऱ्याच्या कडेने घरं बसवली, परसात कोंबड्या सोडल्या, आणि मग बाजार ओढ्यापलीकडे हवा होता हे ध्यानात आलं. रस्ता गेला. घरं जुन्या वळणाकडे तोंड करून तशीच उभी. हिवाळा आला तेव्हा गावात जळण नव्हतं, पण चौक देखणा होता.

बायको पाणी प्यायला उठते. "अरे, ती माणसं जेवणार काय?"

"आधी कनेक्टिव्हिटी," जहागीरदार स्क्रीनवरून नजर न हटवता सांगतात.

'फाउंडेशन' नावाच्या दुसऱ्या खेळात माणसं जिथून चालतात तिथे आपोआप पायवाट पडते. तो त्यांनी एका रात्रीत बंद केला. रयत स्वतःच रस्ता ठरवणार, तर आम्ही कशाला?

मंडळाच्या गणपतीत मसालेभाताच्या रांगेत यांच्या मागे उभं राहू नये. रॉबर्ट हॉडलने 1837 साली मेलबर्नचे मोठे रस्ते 99 फूट रुंद आखले आणि मधले 33 फूट, हे ऐकावंच लागतं. ते टिकले, कारण हॉडलकडे डिलीटचं बटण नव्हतं, अशी मल्लिनाथीही. मग ईस्ट वेस्ट लिंक. कंत्राट झालेला हा रस्ता नव्या सरकारने 2015 मध्ये रद्द केला आणि न बांधलेल्या रस्त्याचा खर्च महालेखापरीक्षकांनी 110 कोटी डॉलरच्या वर काढला. "मी रोज रात्री असे पाच रद्द करतो," जहागीरदार कोशिंबीर घेत म्हणतात, "तेही फुकटात."

सकाळी सेयर्स रोडवर गाडी रांगेत अडकली की मात्र ते गप्प असतात. फक्त उजव्या हाताचं बोट स्टिअरिंगवर माऊस शोधत असतं.

त्यांच्याकडे जेवायला गेलात तर गावाचं तोंडभरून कौतुक करा, पण 'हा रस्ता इथून का नेलात?' एवढं विचारू नका. तुमच्यादेखत उखडतील, आणि नवा मनासारखा होईपर्यंत तुम्हाला उठू देणार नाहीत.