ग्राफिक्स कार्डाची निवड व प्रतिष्ठापना
ग्राफिक्स कार्ड निवडण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत कॅबिनेट उघडून आतला स्लॉट, मोकळी जागा आणि एसएमपीएसची ताकद पाहिली जाते आणि मग त्यांना साजेसे कार्ड घेतले जाते. ही पद्धत फारशी कोणी वापरत नसल्याने तिचे अनुभव नोंदले गेलेले नाहीत. दुसऱ्या, रूढ पद्धतीत सेल संपायला दहा मिनिटे उरली असताना कार्ड घेतले जाते आणि ते घरी आल्यावर कॅबिनेट उघडले जाते. प्रस्तुत मार्गदर्शन दुसऱ्या पद्धतीच्या अनुयायांसाठी आहे. पहिलीच्या विक्षिप्त अनुयायांनाही ते चालण्यासारखे आहे.

कोणत्याही स्लॉटच्या आधी मंजुरीचा टप्पा येतो. घरातल्या कर्त्या माणसापुढे मागणी मांडताना ‘गेम’ हा शब्द उच्चारू नये. ‘प्रोजेक्ट’, ‘रेंडरिंग’, ‘व्हिडिओ एडिटिंग’ हे शब्द मान्यताप्राप्त आहेत. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याची बाजू मुळातच भक्कम असते. वाणिज्य शाखेच्या उमेदवाराला मात्र टॅलीसाठी ग्राफिक्स कार्ड का लागते हे पटवून द्यावे लागते, आणि तसे पटवता आले तर त्याने पुढे वकिलीच करावी.

मंजुरीनंतर स्लॉट ओळखावा. कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढला की मदरबोर्डावर लांबट खाचांची रांग दिसते. त्याआधी धूळ दिसते. ती फुंकू नये, कारण ती डोळ्यांत जाते आणि थुंकी बोर्डावर. पूर्वी रंगावरून स्लॉट ओळखता येत असे. आयएसए काळा, पीसीआय पांढरा, एजीपी तपकिरी असा साधारण शिरस्ता होता. आता रंग उत्पादकाच्या लहरीवर असतो.

पीसीआय हा इंटेलने १९९२ साली आणलेला मार्ग. त्यावरून सेकंदाला १३३ मेगाबाइट जात, आणि तेही चाळीतल्या नळासारखे सगळ्यांत मिळून. साउंड कार्ड, मोडेम, नेटवर्क कार्ड अशी सारी बिऱ्हाडे त्याच नळावर पाणी भरत. ही भांडणे मिटवण्यासाठी १९९७ च्या सुमारास ग्राफिक्स कार्डाला एजीपी नावाचा स्वतंत्र स्लॉट मिळाला. तो सेकंदाला २६६ मेगाबाइटपासून सुरू होऊन शेवटी २.१ गिगाबाइटपर्यंत पोचला. या वाटचालीत त्याने व्होल्टेजही बदलले: आधी ३.३ व्होल्ट, मग १.५, मग त्याहूनही कमी. चुकीचे कार्ड बसूच नये म्हणून खाचेची जागा बदलण्यात आली. त्यावर काही कार्ड उत्पादकांनी दोन्ही खाचा पाडून आत ३.३ व्होल्टचीच रचना ठेवली. असे कार्ड १.५ व्होल्टच्या बोर्डात अगदी अलगद बसे आणि बोर्ड जाळून मोकळे होई. आज कॅबिनेटमध्ये एजीपी स्लॉट आढळल्यास कार्डाचा विचार सोडावा आणि त्या संगणकाचे वय घरच्यांना सांगावे. मंजुरीसाठी याहून चांगला मुद्दा सापडत नाही.

आजचा स्लॉट म्हणजे पीसीआय एक्सप्रेस. तो २००४ मध्ये बाजारातल्या बोर्डांवर आला आणि अजून हटलेला नाही. त्याच्या लांबीचे प्रकार एक्स-१, एक्स-४, एक्स-८ आणि एक्स-१६. आकडा म्हणजे माहितीच्या लेनची संख्या. ग्राफिक्स कार्डाची जागा एक्स-१६ मध्ये, म्हणजे सुमारे ८९ मिलिमीटर लांबीच्या स्लॉटमध्ये. बोर्डावर असे दोन स्लॉट असले, तर खालचा बहुधा अंगरख्याने सोळाचा आणि आतून चारचाच असतो. खात्री करायची तर मोबाइलचा टॉर्च स्लॉटच्या फटीत मारून पाहावे. सोनेरी पिना शेवटच्या टोकापर्यंत असल्या तर स्लॉट खरा. थोडे अंतर जाऊन त्या संपत असल्या आणि पुढे नुसते काळे प्लास्टिक असले, तर कार्ड प्रोसेसरजवळच्या वरच्या स्लॉटमध्येच लावावे.

फक्त एक्स-१ स्लॉट मोकळा असला तरी उत्साही मंडळी हार मानत नाहीत. तापवलेल्या सुरीने स्लॉटची मागची भिंत कापून त्यात लांब कार्ड बसवण्याचा एक संप्रदाय आहे. विद्युतशास्त्राची त्याला ना नाही, कारण कमी लेनवरही कार्ड चालते. वॉरंटीची आहे.

लांबीनंतर पिढी. पहिल्या पिढीत प्रत्येक लेनवरून एका दिशेने सेकंदाला २५० मेगाबाइट जात. पुढे दर पिढीला हा वेग जवळजवळ दुप्पट होत गेला. नवे कार्ड जुन्या बोर्डात आणि जुने कार्ड नव्या बोर्डात चालते, आणि दोघांपैकी जो मंद त्याच्या चालीने दोघे चालतात. स्लॉटइतका समजूतदार घटक संगणकात दुसरा नाही. बहुतेकांना यात काही गमावल्याचे जाणवतही नाही, पण अपवाद लक्षात ठेवावा. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाला एक्स-१६ लांबीचा जोड होता आणि लेन चारच. चौथ्या पिढीच्या बोर्डावर त्या कशाबशा पुरत. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर वेग निम्मा होई, आणि कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळू लागे. म्हणजे जुना संगणक सुधारायला घेतलेले स्वस्त कार्ड नेमके जुन्या संगणकातच रुसे.

दुकानात मात्र लेन आणि पिढी यांची चर्चा करू नये. शिष्टाचारात बसत नाही. तिथे एकच प्रश्न विचारला जातो, ‘किती जीबीचं आहे?’ या प्रश्नाने कार्डाचा वेग कळत नाही, पण गिऱ्हाईक जाणकार असल्याचा भास दोघांनाही होतो. जीटी १०३० हे कार्ड एकाच नावाने दोन प्रकारच्या मेमरीत विकले गेले. जीबी दोन्हींत दोनच, आणि डीडीआर४ मेमरीचे कार्ड जीडीडीआर५ च्या कार्डापुढे फारच संथ.

स्लॉट जुळला की खरी अडचण सुरू होते, कारण कार्ड स्लॉटमध्ये बसण्याआधी पेटीत मावावे लागते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेले आरटीएक्स ४०९० हे एनव्हिडियाचे स्वतःचे कार्ड ३०४ मिलिमीटर लांब आणि तीन स्लॉटांइतके जाड आहे. ते लावले की शेजारचे दोन स्लॉट असून नसल्यासारखे. वजन दोन किलोंच्या वर. ते लोंबकळू नये म्हणून खालून टेकू देतात.

दुसरे टोक म्हणजे कार्यालयातून निघालेली, लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात स्वस्तात मिळणारी चपटी पेटी. तिच्यात प्रोसेसर चांगला असतो, एक्स-१६ स्लॉटही खरा असतो, आणि उंची निम्मी असते. नेहमीच्या कार्डाची पाठीमागची पट्टी सुमारे १२० मिलिमीटर, तर हिला ८० मिलिमीटरच्या आतली पट्टी लागते. अशा कार्डाला लो-प्रोफाइल म्हणतात. पूर्ण उंचीचे कार्ड लावून झाकण उघडे ठेवण्याचा पर्याय पुष्कळांनी अवलंबला आहे. पालींना तो पसंत पडतो.

मग वीज. एक्स-१६ स्लॉट स्वतः ७५ वॉटपर्यंत देतो. त्याहून भूक मोठी असेल तर एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते: सहा पिनी ७५ वॉटची, आठ पिनी १५० वॉटची. चपट्या पेटीच्या एसएमपीएसमध्ये यांतली एकही नसते, म्हणून तिच्यासाठी ज्याला वेगळी वायर लागत नाही असेच कार्ड पाहावे; जीटीएक्स १६५० चे लो-प्रोफाइल रूप त्यांपैकी एक. दुकानदार मात्र दोन साटा जोडांची एक आठ पिनी करणारी वायर काढून देतो. साटाचा एक जोड १२ व्होल्टवर ५४ वॉटसाठी बनवलेला असतो. दोनांची बेरीज १०८ होते आणि कार्ड १५० मागू शकते. उरलेल्या ४२ वॉटांचा हिशेब वासाने लागतो.

प्रतिष्ठापनेच्या वेळी संगणक बंद करून वायर भिंतीतून काढावी. जुने कार्ड असल्यास ते काढताना स्लॉटच्या टोकाचा छोटा खटका दाबावा लागतो. तो नेमका कार्डाच्या पंख्याखाली आणि प्रोसेसरच्या हीटसिंकच्या आड असतो, जिथे माणसाचे बोट जात नाही. प्लास्टिकची फूटपट्टी जाते. खटका न दाबता कार्ड ओढल्यास कार्ड येते, खटकाही येतो. नवे कार्ड ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत सरळ दाबावे आणि पट्टीचा स्क्रू घट्ट करावा. हा स्क्रू एकदा तरी बोर्डावर पडतोच. तो सापडल्याशिवाय वीज सुरू करू नये.

वीज सुरू केल्यावर पडदा काळा राहिला, किंवा चित्र आले पण गेम पूर्वीइतकाच रडत राहिला, तर दुकानदाराला फोन करण्यापूर्वी मॉनिटरची वायर पाहावी. ती सवयीने मदरबोर्डाच्या जुन्याच पोर्टात खोचलेली असते आणि नवे कार्ड शेजारी रिकामे बसलेले असते. वायर कार्डाच्या पोर्टात घालावी. फोन आधीच झाला असेल, तर दुकानदाराला ‘ड्रायव्हरचा प्रॉब्लेम होता’ असे सांगावे.

कार्डाचा खोका फेकू नये. त्यावरचा सीरियल क्रमांक वॉरंटीसाठी लागतो. शिवाय पुढच्या वर्षी नवे कार्ड घेताना जुन्याच्या जाहिरातीत ‘बॉक्ससकट, फक्त अभ्यासासाठी वापरलेलं’ असे लिहिता येते.