सीताफळाचे डोळे

भिंगारला आमच्या परसात सीताफळाचं एक झाड आहे. वर्षभर ते कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. दिवाळी तोंडावर आली, घराघरांत चकलीचा सोऱ्या निघाला, की नेमके त्याच आठवड्यात त्याच्या सगळ्या फळांचे डोळे उघडतात. फळांचे उघडले की आमचे मिटेनासे होतात. आंब्याला अढीत थोपवता येतं, पेरू कच्चाही तिखटमीठ लावून संपतो. सीताफळ आज दगड, उद्या लोणी आणि परवा मुंग्यांचं.

पहिला उपाय अर्थातच वाटपाचा. शेजारच्या काकूंकडे पाटीभर, म्हणजे मोजून सात, पाठवली. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. संध्याकाळी पाटी आली, तीत नऊ! त्यांच्याही परसात झाड आहे, हे मी विसरलो होतो. पाहुण्यांकडे न्यावीत, तर ते बीडकडचे. तिकडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय. त्यांनी आमची फळं अशी न्याहाळली, जणू स्थळ बघायला आलेत.

खरं तर हे फळ मूळचं अमेरिका खंडातलं. आपण त्याला सीतेचं नाव दिलं आणि मग त्याच्या भाऊबंदांना रामफळ, लक्ष्मणफळ, हनुमानफळ म्हणत अख्खं रामायण फळबागेत उभं केलं. परक्याला इतकं आपलंसं केल्यावर टाकून कसं देणार?

म्हणून कुल्फी. पहिल्या वर्षी मी उत्साहाने उकळत्या दुधातच गर ओतला. सीताफळाला आच सोसत नाही, गर कडवट होतो. घरातल्यांनी एकेक चमचा चाखून मला चहा विचारला. दुसऱ्या वर्षी बियांसकट मिक्सर लावणार, तोच आई ओरडली, "अरे, त्या बियांच्या पुडीनं पूर्वी उवा मारायचे!" बी गिळली तर तशीच निघून जाते, पण फोडली की विषारी. तेव्हापासून गर चाळणीवर हातानेच चोळतो. लिटरभर दूध निम्मं आटवायचं, साखर घालून पार गार होऊ द्यायचं आणि मगच त्यात वाटी-दीड वाटी गर. दूध दाट असलं की बर्फाचे खडे धरत नाहीत. स्टीलच्या पेल्यांत ओतून, जरा घट्ट झालं की काडी खोचायची.

गंमत म्हणजे जे फळ हातात धरवत नाही, तेच इथे कामाचं. गारठलेल्या जिभेला गोडी कमी लागते. त्यामुळे ताटात नकोसं होईल इतकं पिकलेलं सीताफळ कुल्फीत बेताचं लागतं. फार पिकलेल्या माणसांनाही थोडं गार करून घेतलं तर बरं, असं मी आरशात बघून म्हणतो.

आता दिवाळीत गल्लीतली पोरं फटाक्यांच्या मध्येच येऊन "काका, कुल्फी" म्हणतात. काकूसुद्धा येतात, आमचं फळ त्यांना नको असतं, कुल्फी दोन लागतात. आणि मला कुल्फीचा सर्वांत मोठा गुण सापडलाय : पाटी भरून परत येते, काडी कधीच परत येत नाही.