पखालजी पाहिजे

आमच्या शहरातल्या ऐतिहासिक अश्वपथकाची स्वयंसेवक भरती निघाली आहे. अर्जात पदं चार: सेनापती, सरनोबत, सरदार आणि इतर. पहिल्या तिन्हींवर उड्या पडल्यात, 'इतर'पुढे अजून एकही खूण नाही. सेनापती आणि सरनोबत ही पदं वेगळी कशी, असं आम्ही विचारून पाहिलं. दोघांनीही देणगी दिली आहे, असं उत्तर मिळालं. इतिहासाचा प्रश्न मिटला.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. स्मारकाचं अनावरण, माजी सैनिकांचा मेळावा, असं काहीही सैनिकी इतमामाचं असलं की मानवंदनेला आमचं पथक हजर. अंगरखा भाड्याचा, तलवार पत्र्याची, घोडा वरातीचा. मिशी तेवढी ज्याची त्याची.

सभासदाच्या बखरीत पागेचा हिशेब आहे. 25 बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. आणि दर 25 घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. आमच्या पथकात घोडे 5, सरदार 22. पाळीपाळीनं बसतात आणि उरलेल्या वेळात एकमेकांचे फोटो काढतात. पखालजी शून्य. चौकशी केली तर अध्यक्ष म्हणाले, "ते घोडेवाल्याकडे असतं." घोडेवाला म्हणाला, "भाड्यात पाणी धरलेलं नाही, साहेब."

परवाच्या सोहळ्याला घोडे सकाळी आठपासून पेव्हर ब्लॉकवर उभे. पाहुण्यांची गाडी बाराला आली. मधल्या वेळात निमंत्रितांच्या खुर्च्यांतून घोडदळातले एक निवृत्त दफेदार उठले, पांढऱ्या घोडीपाशी गेले आणि तिच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, सावकाश बसली. "सरदार, पाणी कधी दाखवलंत हिला?" सरदारांनी तत्परतेनं आपली बाटली पुढे केली. दोनशे मिलीची, अर्धी प्यालेली.

आता हिशेबच करू. उन्हाच्या दिवसात घोड्याला चाळीस लिटर पाणी सहज लागतं. म्हणजे त्या पिटुकल्या बाटल्या दोनशे. पाच घोड्यांना एक हजार. झाकणं उघडायला बावीसच्या बावीस सरदार लावले असते तरी प्रत्येकाच्या वाट्याला पंचेचाळीस झाकणं आली असती, आणि इतिहासात प्रथमच पथकानं काही काम केल्याची नोंद झाली असती. शिवाय बाटलीतून पाजायचं तर घोडीला मान वर करायला सांगावं लागणार, ते सांगायचं कुणी, सेनापतींनी की सरनोबतांनी, यावर तातडीची बैठक, बैठकीला चहा, आणि चहाबरोबर माणशी एक बाटली पाणी. व्यासपीठावर मात्र प्रत्येक खुर्चीपुढे दोन-दोन बाटल्या होत्या. भाषणं संपली तेव्हा त्यातल्या निम्म्या एकेक घोट घेऊन सोडून दिलेल्या, आणि झाडणाऱ्या बाईंनी त्या घोड्यांच्या देखत गटारात ओतल्या.

मग सैनिकी बँड सुरू झाला आणि वरातीच्या घोडीनं तिच्या समजुतीप्रमाणे नाचायला घेतलं. राष्ट्रभक्तीच्या धूनवर सरदार तिच्या मानेला मिठी मारून राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दफेदार तेवढे हसले नाहीत. त्यांच्या नोकरीत आधी पाणी, मग दाणा, मग माणसाचं जेवण, हा क्रम चुकला तर शिक्षा होती.

चीड येते ती इथे. ज्या काळाचे अंगरखे घालून हे मिरवतात, त्या काळी चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना शिवाजी महाराजांचं पत्र गेलं होतं. दाणागवत बेतानं वापरा, पावसाळाभर पुरलं पाहिजे, घोडी मेली तर ती तुम्हीच मारली असं होईल. रात्री उघडा दिवा ठेवू नका, उंदीर वात पळवील आणि गवत पेटेल. उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत ज्यांचा विचार पोचत होता, त्यांचा वारसा सांगणाऱ्यांना एक बादली सुचू नये? नळ मैदानातच होता हो! चाळीस पावलांवर! पण बादली उचलताना काढलेला फोटो फ्लेक्सवर शोभत नाही ना.

दफेदारांनी अध्यक्षांना चार शब्द सुनावले, तेव्हा रविवारच्या बैठकीत ठराव झाला. 'मुख्य पखालजी' हे पद निर्माण करावे, भरजरी कमरबंदासह. सात अर्ज आले. भांडण वाढल्यावर दोन उपमुख्यही नेमले. पोशाखवाल्याकडून तीन रेक्झिनच्या पखाली आल्या असून प्रत्येकीला चिठ्ठी शिवलेली आहे: 'आत पाणी भरू नये, रंग जातो. अनामत परत मिळणार नाही.'